ॲम्ब्युलन्सवर कंत्राटी असाल तर अडकलेला पगार, ओव्हरटाइम अन् पीएफ कसा काढायचा

हे मी मुख्यतः पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) १०२ गाडीवर एजन्सीमार्फत लागलेल्या ड्रायव्हर भावांसाठी लिहून राहिलो. १०८ चे पायलट म्हणजे ड्रायव्हर, त्या गाडीवरचे डॉक्टर, प्रायव्हेट गाडीवाले, यांनाही बरंचसं कामी येईल. आपल्याकडे काय होते सगळ्यांना माहीत आहे, दोन-दोन तीन-तीन महिने पगार नाही, आला तर कागदावर किती होता अन् हातात किती पडला याचा मेळ लागत नाही, सुपरवायझरला फोन लावला तर तो म्हणते "वरून बिल नाही आलं", ऑफिसात गेलं तर बाबू म्हणते "तुमचा ठेकेदार पाहून घेईन ना, आमच्याकडे काऊन आले?" अन् या दोघांच्या मधात पोट्टा फटफटीचं पेट्रोल जाळत फिरत राहते.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ठेकेदारानं पगार दिला नाही तर ज्याच्या आस्थापनेत तुम्ही काम करता त्यानं तो द्यायचा असतो, हे कायद्यात आहे. जुन्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, अन् २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे चार लेबर कोड लागू झाले त्यातही आहे, वेतन संहिता २०१९ चं कलम ४३ वाचा. म्हणजे "आमचा संबंध नाही" हे बाबूचं बोलणं चुकीचं आहे, पण ते चुकीचं आहे हे तोंडानं सांगून काही होत नाही, त्याच्या टेबलावर कागद ठेवावा लागते. खाली जे सांगतो ते सगळं हा कागद कसा तयार करायचा याच्याबद्दलच आहे.

आधी तुमचा मालक कोण ते शोधा

हसू नका, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसते. गाडीवर शासनाचा शिक्का, गणवेशावर एक नाव, पगार टाकणारं खातं तिसऱ्याच्याच नावाचं. बँकेचं पासबुक काढा अन् पगाराच्या एन्ट्रीत कोणाचं नाव येते ते पाहा. पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव येते ते पाहा. ओळखपत्र, नेमणूक पत्र असेल तर ते, अन् गाडीच्या आरसी बुकावरचा मालक. चारही ठिकाणची नावं एका कागदावर लिहून ठेवा. नेमणूक पत्र दिलंच नसेल (बहुतेक वेळा नसतेच) तर ते लेखी मागा, नव्या कोडप्रमाणे ते देणं बंधनकारक आहे.

मूळ मालक, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत तुम्ही काम करता तो, कोण हे दवाखान्यावरून कळते. पीएचसी अन् उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तुमचं पत्र जाईल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, डीएचओ साहेब. ग्रामीण रुग्णालय अन् उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकाकडे, म्हणजे सिव्हिल सर्जन. हे उलटंसुलटं झालं की अर्ज महिनाभर इकडून तिकडे फिरते. १०८ चं वेगळं आहे, ती सेवा २०१४ पासून राज्याच्या आरोग्य विभागानं कंपनीला चालवायला दिलेली आहे, म्हणून तिथल्या लोकांनी कंपनीच्या जिल्ह्याच्या मॅनेजरला पत्र अन् प्रत आरोग्य उपसंचालकाला, विदर्भात ते नागपूर अन् अकोला मंडळ असे आहेत.

डायरी. आजपासून.

यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. कारण लॉगबुक त्यांच्या ताब्यात, हजेरी त्यांच्या ताब्यात, जीपीएसचा डेटा त्यांच्याकडे, अन् भांडण सुरू झालं की पहिले लॉगबुकच गायब होते. आपल्याकडे काय राहते मग? शंभर पानी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, मोबाईल पडते फुटते. रोज लिहा: ड्युटीवर किती वाजता आलो, कॉल किती वाजता आला, कोणत्या गावातून कुठं नेलं, किलोमीटर सुरुवातीचं अन् शेवटचं, दवाखान्यात पेशंट ताब्यात द्यायला किती वेळ थांबलो, परत बेसवर किती वाजता. रात्रीचा कॉल असेल तर तसं लिहा. गाडी बंद होती तर का बंद होती तेही.

धारणीहून अमरावतीला पेशंट नेला की एकतर्फीच दीडशे किलोमीटरच्या आसपास होते, भामरागडहून गडचिरोली त्याच्याहूनही जास्त, वर नागपूरला मेडिकलला रेफर झाला तर स्ट्रेचर मोकळं व्हायचीच वाट पाहत बसावं लागते कधी कधी तासन्‌तास. हा थांबायचा वेळ अन् रिकामी गाडी घेऊन परत यायचा वेळ ड्युटीच आहे. ठेकेदार फक्त पेशंट गाडीत असतानाचा टाइम मोजायला पाहते, ते मान्य करू नका. तसंच पीएचसीवर बसून कॉलची वाट पाहणं, म्हणतात "बसूनच तर होता ना". पण तुम्ही तिथून घरी जाऊ शकत होते का, वावरात जाऊ शकत होते का? नाही ना. मग तो वेळ त्यांचा होता, वहीत तो टाकायचा.

लॉगबुकच्या पानाचा फोटो काढत जा, आठवड्यातून एकदा तरी, पण पेशंटचं नाव-पत्ता-आजार बोटानं किंवा कागदानं झाकून काढा. पेशंटची माहिती बाहेर गेली तर तुमच्यावरच उलटते, अन् तसंही एखाद्या बाईच्या बाळंतपणाचा कागद ग्रुपवर फिरणं बरोबर नाही. प्रायव्हेट गाडीवाल्या भावांकडे लॉगबुकच नसते, त्यांनी पेट्रोलपंपाच्या स्लिपा, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, कॉल रेकॉर्डची यादी अन् फास्टॅगचे मेसेज जपून ठेवा, फोन बदलताना आधी बॅकअप घ्या. दवाखान्याच्या गेटवर गाडीची एन्ट्री होते ती पण पुरावा आहे.

हिशोब कसा लावायचा

किमान वेतन दोन भागात असते, मूळ अन् विशेष भत्ता. विशेष भत्ता महाराष्ट्रात वर्षातून दोनदा बदलते, १ जानेवारी अन् १ जुलै. तुमचा उद्योग कोणता, परिमंडळ कोणतं, अन् कुशल की अर्धकुशल यावर आकडा ठरते, तो कामगार आयुक्तांच्या परिपत्रकात असते, सीएससी सेंटरवाला पोरगा काढून देईल. काही ठेकेदार ड्रायव्हरला अकुशल दाखवतात, तिथं लक्ष द्या, ट्रान्सपोर्टचं लायसन अन् बॅज असलेला माणूस अकुशल कसा काय?

आता ओव्हरटाइम. इथंच खरी लूट आहे अन् इथंच कोणी तोंड उघडत नाही, कारण सगळ्यांना वाटते बारा तास हीच ड्युटी असते. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, त्याच्या वर जे काम त्याला दुप्पट दर. उदाहरण म्हणून समजा पगार १३,००० आहे. २६ दिवसांनी भागा, दिवसाचे ५०० झाले. ८ नी भागा, तासाचे ६२ रुपये ५० पैसे. दुप्पट केलं तर १२५. रोज बारा तास म्हणजे चार तास जास्तीचे, २६ दिवसांचे १०४ तास, गुणिले १२५. किती झाले? १३,०००. म्हणजे बारा तास राबवून घेणारा ठेकेदार दर महिन्याला तुमचा अख्खा एक पगार खिशात घालून राहिला. जेवणाच्या सुटीचा वेळ ते वजा करा म्हणतील, खरंच सुटी मिळत असेल तर करा वजा, पण मिळत नसेल तर वहीत तसं लिहिलेलं पाहिजे. चोवीस तास ड्युटी अन् चोवीस तास सुटी असं जिथं चालते तिथं आठवड्याचे तास मोजा, अठ्ठेचाळीसच्या पार वर जातात.

कपातीचं पण पाहा. टायर फुटला, आरसा तुटला, डिझेलचं ॲव्हरेज आलं नाही, काप पगार. असं मनानं कापता येत नाही. दंड महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जात नाही, नुकसानीचे पैसे कापायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागते, अन् सगळ्या कपाती मिळून अर्ध्या पगाराच्या वर जाऊ शकत नाहीत. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, अन् त्याची स्लिप मिळाली पाहिजे. काढून टाकलं किंवा तुम्ही सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब.

पीएफ अन् ईएसआयसी

यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा बारा अंकी नंबर, माहीत नसेल तर आजच मागा. तुमचा मोबाईल नंबर यूएएनला जोडलेला असेल तर ९९६६०४४४२५ वर मिस कॉल द्या, शेवटचा भरणा अन् शिल्लक मेसेजवर येते. पगाराच्या १२ टक्के तुमचे कापतात, तेवढेच मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचे, दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. १३,००० वर तुमचे १,५६० झाले. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोन्ही हिस्से तुमच्याच पगारातून जातात, सुपरवायझर सांगते "सीटीसीमध्ये आहे", म्हणजे तुमच्यावरच्या ठरलेल्या एकूण खर्चातच धरलं आहे, पण मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणं कायद्यात बसत नाही, कोणी कितीही इंग्रजी सांगो. त्याहून वाईट म्हणजे पैसे कापतात अन् भरतच नाहीत. पासबुकात महिना गायब दिसला की त्या महिन्याची बँक एन्ट्री अन् पासबुकाचं पान सोबत जोडून ईपीएफओच्या (पीएफ ऑफिसच्या) तक्रार पोर्टलवर टाका, नागपूर अन् अकोल्याला त्यांची ऑफिसं आहेत, तिथं जाऊन पण देता येते. पीएफ भरलेला असला की नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना विमा मिळतो, ७ लाखांपर्यंत, बायकोला हे माहीत पाहिजे अन् वारस नोंद केलेली पाहिजे. लग्नाच्या आधी लागले असाल तर नोंदीत अजून आईचंच नाव असेल, बघून घ्या.

२१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, लागते, तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. कार्ड मागा. रात्री जागून चालवणाऱ्या माणसाचा कधी अपघात होईल सांगता येत नाही, अन् ड्युटीवर अपघात झाला तर हातपाय मोडून घरी बसल्याचे पैसे याच कार्डावर मिळतात.

पत्र असं लिहा

मोठमोठे शब्द नको, शिवीगाळ नको, आकडे पाहिजेत. मी देतो तो नमुना हा:

"प्रति, (एजन्सीचे नाव). प्रत, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, (जिल्हा). विषय: थकीत वेतन, अतिकालिक भत्ता व भविष्य निर्वाह निधी मिळणेबाबत. मी अमुक पीएचसी येथील रुग्णवाहिका क्रमांक अमुकवर अमुक तारखेपासून वाहनचालक म्हणून काम करतो. (महिना) ते (महिना) या कालावधीचे वेतन रुपये इतके मला मिळालेले नाही. याच कालावधीत मी दररोज आठ तासांपेक्षा जास्त काम केले असून जादा तासांचा तक्ता सोबत जोडला आहे, त्याची दुप्पट दराने रक्कम रुपये इतकी होते. ही रक्कम पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावी. एजन्सीने न दिल्यास वेतन संहिता २०१९ कलम ४३ नुसार ती देण्याची जबाबदारी जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाची आहे. दिनांक, सही."

दोन प्रती घेऊन जा. एक आवक विभागात द्यायची अन् दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. पोच देत नसतील तर भांडत बसू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा अन् पावती वहीत चिकटवा. सगळे ड्रायव्हर मिळून एकाच पत्रावर सह्या केल्या तर जास्त चांगलं, एकट्याला ते लगेच वेगळं काढतात. पण तक्ता प्रत्येकाचा वेगळा जोडा.

पत्रासोबतच माहितीचा अधिकार टाका, त्याच्यासाठी उत्तराची वाट पाहू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, बीपीएल कार्ड असेल तर तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय अन् दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गोष्टी सांगत बसायचं नाही, सरळ मागायचं: "रुग्णवाहिका वाहनचालक पुरवठ्याबाबत एजन्सीसोबत झालेल्या करारनाम्याची व कार्यारंभ आदेशाची प्रत, अमुक ते अमुक महिन्यांत एजन्सीने सादर केलेली देयके, त्यासोबतचे वेतनपत्रक व पीएफ-ईएसआयसी चलनाच्या प्रती." बस एवढंच. करारात एका ड्रायव्हरमागे किती रुपये मंजूर आहेत ते दिसलं की तुमच्या हातात पडलेला आकडा त्याच्या बाजूला ठेवा. पोरं जे "सरकार कमी देते" म्हणून गप्प बसतात ना, त्यांनी हा कागद एकदा पाहावाच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, त्याच्या पुढचं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांच्या आत, नागपूर अन् अमरावतीला खंडपीठं आहेत.

पंधरा दिवस झाले अन् काहीच हललं नाही

मग जिल्ह्याचं कामगार ऑफिस. सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी, जे असेल ते. सोबत घ्या: पत्राची पोच, बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, डायरीच्या झेरॉक्स, ओळखपत्र. डायरी मूळ कोणालाच द्यायची नाही, दाखवायची अन् परत घ्यायची. पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे पैसे गेले असं समजू नका. थकलेल्या रकमेच्या वर भरपाई पण मागता येते, अर्जात ते लिहायला विसरू नका कारण मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही. बऱ्याच लोकांचा मिळून एकच अर्ज चालते.

पहिल्या तारखेला ठेकेदार येत नाही. दुसऱ्या तारखेला त्याचा माणूस येते अन् बाहेर चहाच्या टपरीवर म्हणते, अर्धे घेऊन टाक, पूर्ण मिळाले असं लिहून दे. इथं लोक फसतात, घरी पैशाची चणचण असते, पेरणी तोंडावर असते, मी समजू शकतो. पैसे घ्या हवं तर, पण कागदावर "अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित बाकी" असंच लिहा, अन् कोऱ्या व्हाउचरवर सही अजिबात नको.

वकील लागला तर तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असते, १५१०० वर फोन करून पण विचारता येते. अनुसूचित जाती, जमातीच्या माणसाला अन् बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न न पाहता. मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, झरी जामणीकडच्या कितीतरी पोरांना हे लागू आहे अन् माहीत नाही.

सुपरवायझर तोंडी म्हणेल "उद्यापासून येऊ नको". त्याच दिवशी त्याला व्हॉट्सॲप करा की मी अमुक वाजता ड्युटीवर हजर आहे, मला तोंडी कामावरून मनाई केली आहे, लेखी आदेश द्यावा. तोच मेसेज मेडिकल ऑफिसरला पण. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहा, पुन्हा मेसेज. नाहीतर ते सांगतात हा स्वतःच आला नाही. अन् १०२, १०८ वर पेशंटच्या नातेवाइकांकडून चहापाण्याचे पन्नास-शंभर घेऊच नका, पगार झाला नसला तरी. सेवा मोफत आहे, अन् तक्रार केलेल्या ड्रायव्हरला काढायला त्यांना हेच एक कारण पाहिजे असते.

संपाबद्दल विचारतात खूप जण. चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते हा झाला कायदा. माझं मत विचाराल तर गाडी उभी करायच्या आधी बाकी सगळे रस्ते संपवा, पावसाळ्यात नाल्याला पूर आला असताना पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला दुसरी गाडी नसते. काळी फीत लावा, झेडपीसमोर सुटीच्या वेळेत बसा, आमदाराला निवेदन द्या. सात जण मिळून युनियनची नोंदणी करता येते, एकदा युनियन झाली की साहेब लोकांची बोलायची भाषा बदलते.

गाडीची अन् जिवाची काळजी पण लेखीच

ब्रेक धरत नाही, टायर गुळगुळीत झाले, ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा, मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरच्या उन्हात एसी बंद अन् आत पेशंट, हे सगळं लॉगबुकात रोज लिहा अन् मेडिकल ऑफिसरची सही घ्या. फोनवर सांगितलेलं अपघातानंतर कोणाला आठवत नाही, केस ड्रायव्हरवर होते. रात्रभर नागपूरला जाऊन आले अन् सकाळी लगेच दुसरा रेफर आला तर "झोप झालेली नाही, गाडी चालवणं धोक्याचं आहे" हे मेसेजवर टाका, मग तो निर्णय वरच्यानं घ्यायचा.

हिपॅटायटिस बीची लस मागा, तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमाप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या माणसाला ही अन् धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी संस्थेची आहे, अन् रक्तानं भरलेली गाडी आपल्यालाच धुवावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. सुई टोचली तर दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्यानं धुवा अन् लगेच डॉक्टरला दाखवा, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत अन् फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

अन् एक शेवटचं, मार्च-एप्रिलमध्ये लक्ष ठेवायचं. ठेका बदलते तेव्हा जुना ठेकेदार शेवटचे दोन महिने बुडवून निघून जाते, नवा म्हणते माझा काय संबंध. पण जुन्याची अनामत रक्कम अजून ऑफिसात पडलेली असते. ठेका संपायच्या आधीच डीएचओ किंवा सिव्हिल सर्जनला एक अर्ज द्या की आमचं वेतन अन् पीएफ भरल्याचा दाखला मिळाल्याशिवाय अनामत अन् शेवटचं बिल सोडू नये, अन् त्याची प्रत लेखा विभागात वेगळी द्या, कारण पैसे सोडणारी सही तिथंच होते.